टक टक

उवे आला मार्चात, जर्मन मागांच्या पेट्यांमागोमाग.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अठरा माग जोडायचे, टॉवेलचे.
तीन आठवडे, म्हणाला. लागले सात.
हॉटेलच्या सूपला विटून चौथ्या दिवशी
गुंडेटी फिटरच्या पाठोपाठ माझ्या खानावळीत शिरला,
डोकं वाकवून,
कारण आमची चौकट त्याच्या मापाची नाही.

मी ताटात कडक भाकरी ठेवली.
त्यानं ती उचलली, उलटी केली, कानाशी नेली
आणि बोटाच्या पेरानं
टक टक.
पोरं हसली, "दार वाजवूलालास का बे?"
तो हसला नाही.
निम्मं गुंडेटीकडून, निम्मं हातवाऱ्यांनी कळलं ते असं:
त्यांच्याकडं पाव बुडाला ठोकून बघतात.
पोकळ वाजला तर भाजला.
नाहीतर परत भट्टीत.

मग रोज बोलायला लागला.
आठ वर्षं अमेरिकेत होता, गावोगाव माग जोडत.
नव्या गावात उतरला की आधी घरचं जेवण शोधायचा.
पाट्या ढीगभर.
आत गेलं की भिंतीवर कोकिळेचं घड्याळ, बंद पडलेलं,
झालरीच्या झग्यात कंटाळलेल्या पोरी,
हातभर सॉसेज,
आणि आंबट कोबीत साखर.
साखर! म्हणताना त्याचं तोंड
शेंगाच्या चटणीत कुणी गूळ कालवल्यासारखं.

ते तोंड माझ्या ओळखीचं.
पुण्याला लेकीकडं गेले की कोपऱ्याकोपऱ्यावर 'अस्सल सोलापुरी'.
भाकरी रुमालासारखी दुमडते.
चटणी लाल आहे, पण खलबत्ता न बघितलेली.
मालकाला विचारलं, सोलापुरात कुठले तुम्ही?
म्हणाला, हैदराबादला जाताना लागतं की.

उवेच्या खुणा मी पाठ केल्यात.
पाटीवर चित्रं फार असतील तर पुढं चालावं.
मोहरी मागावी लागली तर उठावं.
म्हातारी गिऱ्हाइकं असावीत, जेवणावरून भांडणारी.
आणि रांधणारी बाई रागीट पाहिजे.
"मग बरोबर जागी आलास," गुंडेटी म्हणाला.
त्या दिवशी त्याला आमटी वाढली नाही मी.

एकदाच सापडलं त्याला, टेक्सासात,
हमरस्ता सोडून आत, पेट्रोल पंपामागं, चार टेबलं.
ऐंशीची एर्ना. तिच्या पणजोबांनी बोट धरली होती.
तिचं बोलणं ऐकून वाटलं, कुणी जुनं पत्र वाचतंय.
तिनं बटाट्याची कोशिंबीर आणली, कोमट.
एक घास घेतला
आणि चमचा खाली ठेवला त्यानं.
आजी जाऊन तेवीस वर्षं झालेली.
आजीच्या गावातसुद्धा आता तसं कुणी करत नाही.

पंखा फिरत होता. गुंडेटी बाहेर तंबाखू मळत होता.
मधे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सांगितलं.
माझे आजोबा करीमनगरकडनं आले, मागावर.
घरात अजून तेलुगू. संक्रांतीला सकिनालू.
परवाच्या साली मूळ गावी गेले,
डब्यात माझ्या हातच्या घेऊन,
वाटभर भीत, की त्यांना चुकीच्या वाटल्या तर?
एका म्हातारीनं मोडून तोंडात टाकली,
हिरड्यांनी चावत राहिली, किती तरी वेळ.
मग डबा मांडीवर ओढून घेतला.
"हे तुला कुणी शिकवलं गं?
आम्ही तर पाकिटं आणतो."

उवेला काय कळलं, देव जाणे.
ताट मात्र त्यानं स्वतः उचलून मोरीत ठेवलं.

जाताना दोन डझन कडक भाकऱ्या नेल्या.
टिकतील का, खुणेनं विचारलं.
तुझ्या विमानापेक्षा जास्त, म्हणाले, मराठीत.

अठरा माग चालतात आता. रात्रपाळीची पोरं
उशिरा येतात, कानावर कापूस चिकटलेला.
भाकऱ्या रचताना एखादी मी उलटी करते,
कानाशी नेते.
"काय ऐकूलालाव, अक्का?"
काही नाही रे.
भाजली का बघते.